शॉर्टस्टॉपचा कॅचर होताना

आमचा मुलगा बेसबॉल खेळतो. जुलै २०२३ मध्ये तो मेजर लीग या सर्वोच्च लीगमधल्या एका क्लबच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या संघांत, शॉर्टस्टॉप म्हणून दाखल झाला. बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचे टप्पे, आणि सेकंड व थर्ड बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक तो शॉर्टस्टॉप. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने पहिला पूर्ण हंगाम संपवला तो कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा. मधल्या काळात आम्हाला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारं आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं. इथे नॉर्थ कॅरोलायनात व्हिसा, ग्रीन कार्ड, मेडिकल कॉलेज याबद्दल विचारलं की मंडळातले दहा जण सांगायला पुढे येतात. बेसबॉलच्या कराराबद्दल विचारलं की सगळे कौतुकाने हसतात आणि गप्प बसतात. आता ट्रॅव्हल बॉल, म्हणजे गावोगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या खासगी संघांतून, खेळणाऱ्या मुलांच्या दोन-तीन आया मला फोन करू लागल्या आहेत, म्हणून सगळं एकदा सलग लिहून काढते आहे. मुलाचं आणि क्लबचं नाव लिहीत नाही. त्याची तशी इच्छा आहे.

सुरुवात ड्राफ्टपासून, म्हणजे क्लब दरवर्षी फेऱ्या-फेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तिथपासून, करते, कारण पुढचे बरेच प्रश्न तिथेच पेरलेले असतात. हायस्कूल संपलेली मुलं ड्राफ्टला पात्र असतात. पण मुलगा एकदा चार वर्षांच्या कॉलेजात गेला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीस वर्षांचा होईपर्यंत थांबावं लागतं. आमच्या मुलाचं तिसरं वर्ष २०२३ च्या मे महिन्यात संपलं. त्याआधीच्या हिवाळ्यात वेगवेगळ्या क्लबांच्या स्काउटांचे, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांचे, फोन, लांबलचक प्रश्नावल्या, डोळ्यांच्या चाचण्या असं सगळं सुरू झालं होतं. प्रश्नावली आली म्हणजे क्लब घेणारच असं मुळीच नसतं. एका क्लबने भरून घेतली की तीसच्या तीस क्लब भरून घेतील, इतपत ते नेहमीचं आहे. याच काळात एक सल्लागार गाठावा लागतो. कॉलेजात खेळणाऱ्या मुलाच्या वतीने त्याने क्लबशी वाटाघाटी केल्या तर मुलाची कॉलेजची पात्रता जाऊ शकते. म्हणून तो फक्त सल्ला देतो आणि बोलायचं काम मुलाने किंवा आईवडिलांनी करायचं असतं. हे कुणी सांगितलं नसतं तर आम्ही सरळ सल्लागारालाच क्लबला फोन करायला लावला असता.

२०२१ पासून ड्राफ्ट वीस फेऱ्यांचा झाला आहे. पूर्वी चाळीस असायच्या. २०२३ चा ड्राफ्ट ९ ते ११ जुलै असा सिॲटलमध्ये झाला. पहिल्या रात्री टोरांटोच्या क्लबने विसाव्या क्रमांकावर फ्लोरिडाच्या अर्जुन निम्मालाला घेतलं. तोही शॉर्टस्टॉप. आपल्यासारख्या घरातला मुलगा पहिल्या फेरीत गेला, याचा आमच्या घरात खरोखर आनंद झाला. तिसऱ्या दिवशी अकरावी ते विसावी फेरी झाली आणि आमच्या मुलाचं नाव शेवटपर्यंत आलं नाही.

ज्यांच्या घरात असा दिवस येईल त्यांना सांगते, त्या दिवशी फोन चार्ज करून ठेवा. विसावी फेरी संपली की लगेच क्लब न निवडलेल्या मुलांना फोन करायला लागतात आणि तासाभरात उत्तर मागतात. अशा मुलाला करारावर सही करताना दीड लाख डॉलरपर्यंत बोनस दिला तर क्लबच्या ठरलेल्या बोनस निधीतून तो कापला जात नाही. बहुतेकांना याच्या कितीतरी खाली मिळतो आणि आमच्या मुलालाही तसाच मिळाला. त्यातला बावीस टक्के केंद्रीय कर आधीच कापून येतो, राज्याचा वेगळा, सल्लागाराची टक्केवारी वेगळी. हातात येणाऱ्या रकमेवर काही बेत करायचा असेल तर आधी हे वजा करा.

आमच्या घरात खरी चर्चा बोनसवर झालीच नाही. पदवीचं एक वर्ष बाकी होतं. माझा नवरा म्हणाला, 'आधी पदवी, मग काय ते.' करारात पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लबने उचलायची तरतूद घालता येते. एका सत्राला किती रक्कम आणि किती सत्रं, हे आकडे सही करण्यापूर्वी ठरवून लिहून घ्यावे लागतात. सहीनंतर ते वाढवून मिळत नाहीत. आम्ही त्यासाठी आग्रह धरला आणि क्लबनेही फार खळखळ न करता मान्य केलं. व्यावसायिक खेळ सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत कॉलेज सुरू केलं नाही तर हा हक्क जातो, ही तारीख घरात कुणीतरी लिहून ठेवायला हवी. ते कलम कागदावर दिसल्यावर नवऱ्याने हो म्हटलं.

पुढच्या काही दिवसांत मुलगा ॲरिझोनात पोहोचला. तीसपैकी पंधरा क्लबांची सराव केंद्रं फिनिक्सच्या आसपास आहेत, उरलेल्या पंधरांची फ्लोरिडात. २०२३ चा तो जुलै फिनिक्सच्या इतिहासात नोंदला गेलेला. सलग एकतीस दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस, किंवा त्याहून वर होता. वैद्यकीय तपासणी दोन दिवस चालली: रक्त, हृदय, खांदा, कोपर, गुडघे. तपासणीत काही निघालं तर ठरलेला बोनस कमी होऊ शकतो, कधी करारच होत नाही. लहानपणापासूनचे एक्स-रे आणि एमआरआयचे अहवाल एका फाइलमध्ये असतील तर डॉक्टरांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. ओळख पटवायला पासपोर्ट पुरतो.

याच जोडीने उत्तेजकांच्या चाचण्या सुरू होतात. आपल्या घरांना यात एक वेगळा धोका आहे. आजी प्रेमाने च्यवनप्राश पाठवते, कुणी अश्वगंधाच्या गोळ्या देतं, कुणी जिममधली पावडर. बाटलीवर जे छापलंय तेवढंच आत आहे याची हमी नसते आणि चाचणीत काही सापडलं तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. क्लबच्या ट्रेनरला विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवशी केला. सांगलीला सासूबाईंना फोनवर समजावून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण पटलं.

ऑगस्टमध्ये त्याला सिंगल-ए संघात पाठवलं. मायनर लीगच्या पायऱ्या अशा: तळाशी सराव केंद्रांवरच्या कॉम्प्लेक्स लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि त्यानंतर मेजर लीग. आमच्या क्लबचा सिंगल-ए संघ कॅरोलायना लीगमध्ये असल्यामुळे आम्हाला गाडीने जाऊन सामने बघता आले. हे निव्वळ नशीब. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी, आणि असे हंगामात १३२ सामने. पगाराबद्दल सगळेच विचारतात. खेळाडूंची संघटना झाल्यावर मार्च २०२३ च्या अखेरीस पहिला करार झाला. त्यात किमान वार्षिक पगार कॉम्प्लेक्सला १९,८००, सिंगल-एला २६,२००, हाय-एला २७,३००, डबल-एला ३०,२५० आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर असा ठरला. राहायची सोय २०२२ पासून क्लब करतात. खालच्या पातळ्यांवर एका खोलीत दोघे. त्याच्या आदल्या पिढीतली मुलं सहा-सहा जण एका फ्लॅटमध्ये जमिनीवर गाद्या टाकून झोपत होती. आमच्या मुलाला त्यामानाने चांगले दिवस मिळाले.

त्या पाच-सहा आठवड्यांत तो शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसवर खेळला. मला वाटत होतं, चांगलं चाललंय. सप्टेंबरमध्ये हंगाम संपला की प्रत्येक खेळाडूला एकेकट्याला बोलावून वर्षाचा हिशेब सांगतात. त्या बैठकीतून बाहेर आल्यावर त्याने फोन केला आणि म्हणाला, "आई, मला कॅचर करायचं म्हणतायत."

कारणं त्यांनी स्वच्छ सांगितली होती. हात मऊ आहेत, खांद्यात जोर आहे, खेळ वाचता येतो. पण चेंडू बॅटवरून निघाल्यावर पहिलं पाऊल पडायला वेळ लागतो आणि बाजूला पळून पोहोचण्याचा टप्पा कमी पडतो. २०२३ पासून मेजर लीगमध्ये सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (बेसच्या आसपासचे क्षेत्ररक्षक) असलेच पाहिजेत असा नियम आला. त्यामुळे खेळाडूंना हवं तिथे उभं करून एखाद्याचा संथपणा झाकायची सोय गेली. थर्ड बेस किंवा फर्स्ट बेसवर न्यायचं तर बॅटमध्ये जास्त ताकद हवी, ती त्याच्याकडे नाही. चांगले कॅचर मात्र सगळ्यांनाच कमी पडतात.

त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. सात वर्षांचा असल्यापासून तो त्या एकाच जागेवर उभा राहत आला होता. शॉर्टस्टॉप ही मैदानावरची सगळ्यात मानाची जागा, संघातला सगळ्यात चपळ मुलगा तिथे असतो. तिथून काढलं म्हणजे तू पुरेसा चांगला नाहीस असं सांगितलं, असंच मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही. जो मुलगा नकोसा झालाय त्याला क्लब जागा बदलायला सांगत बसत नाहीत, त्याला सोडून देतात. जागा बदलायची म्हणजे त्याच्यावर कोचांचे तास, सामन्यांतल्या इनिंग, रोस्टरमधली, म्हणजे संघाच्या यादीतली, एक जागा असं सगळं खर्च करायचं. बस्टर पोझी कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, तिथेच कॅचर झाला आणि २००८ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा गेला. होर्हे पोसाडा मायनर लीगमध्ये सेकंड बेसवर खेळत होता, यांकीज या क्लबने त्याला कॅचर केलं. उलटंही होतं. क्रेग बिजिओ कॅचर म्हणून मेजर लीगमध्ये नावारूपाला आल्यावर १९९२ मध्ये सेकंड बेसवर गेला आणि जेकब डिग्रॉम तर कॉलेजातला शॉर्टस्टॉप, पुढे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला. ही यादी नवऱ्याने रात्री जागून काढली होती. मुलाला पाठवली नाही. ती आमच्यासाठी होती.

मुलाला 'नको' म्हणता आलं असतं का? कागदोपत्री कुणी सक्ती करत नाही, पण पुढच्या वर्षी शॉर्टस्टॉपवर खेळायला मिळणार नाही हे उघड होतं. त्याने दोन दिवस मागितले, ते मिळाले. त्या दोन दिवसांत आम्ही त्याला काय करावं ते सांगितलं नाही, क्लबला काय विचारावं ते सांगितलं: शिकवणार कोण, पहिल्या वर्षी कोणत्या पातळीवर ठेवणार, आठवड्यात किती सामने कॅच करायला मिळतील, बॅटिंगचे आकडे घसरले तर ते कसे मोजणार, आणि हे जमलं नाही तर परत इनफिल्डमध्ये घेणार का. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं. बाकीच्यांना नीट आलं. त्याने होकार दिला.

सांगलीला माझे सासरे तरुणपणी क्लब क्रिकेटमध्ये विकेटकीपर होते. बेसबॉल त्यांना कधी कळला नाही. पण या वेळी फोनवर नातवाशी सगळ्यात जास्त वेळ तेच बोलले. बसताना वजन कुठे असतं, उन्हात चेंडू दिसतो का, बॅट मध्ये आल्यावर डोळे मिटतात का, असले प्रश्न आबांनी विचारले. किपरसारखंच हे काम, फक्त जाळी-मुखवटा लावून आणि ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू प्रत्येक वेळी, असं मुलाने सांगितल्यावर त्यांना सगळं उमगलं.

ऑक्टोबरमध्ये परत ॲरिझोना. छातीचं कवच, पायांची पॅड, मुखवटा हे क्लबने दिलं. मिट, म्हणजे कॅचरचा जाड ग्लव्ह, स्वतःचं घेतलं. चांगल्या मिटला तीनशे ते चारशे डॉलर पडतात आणि नवं मिट लाकडासारखं कडक असतं, ते वळायला आठवडे जातात. म्हणून एक वापरात आणि दुसरं तयार होत असलेलं अशी दोन लागतात. नियमाप्रमाणे त्याचा घेर ३८ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. आत अंगठ्याला कडक प्लास्टिकचं संरक्षण मिळतं. तीस-चाळीस डॉलरची ती वस्तू विसरू नका.

पहिले कित्येक दिवस त्याला चेंडू पकडू दिलाच नाही. जमिनीवर आपटणारे चेंडू छातीने आणि पोटाने अडवायचे, हात मागे. शॉर्टस्टॉपला आयुष्यभर शिकवलेलं असतं की चेंडू हातात घे. कॅचरने तो अंगावर घेऊन समोर मेलेला पाडायचा असतो. हनुवटी छातीला लावायची, खांदे पुढे वळवायचे, श्वास सोडायचा. पहिल्या आठवड्यातले त्याच्या दंडांचे आणि मांड्यांचे फोटो मी एकदाच पाहिले. नंतर पाठवू नको म्हणून सांगितलं.

मग रिसीव्हिंग, म्हणजे पिचरचा चेंडू पकडायची पद्धत. आता बहुतेक कॅचर एक गुडघा जमिनीला टेकवून बसतात. त्याने खालचा चेंडू खालून वर उचलत पकडता येतो, स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या ज्या चौकटीतला चेंडू पिचरच्या बाजूने मोजतात तिच्या, काठावरचा चेंडू पंचाला झोनमध्ये दिसतो. आणि थ्रो, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढचा बेस 'चोरायला' पळणाऱ्याला बाद करायचा. बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपासून सेकंड बेस १२७ फूट ३ इंचांहून थोडा जास्त लांब. चेंडू मिटमध्ये पडल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोहोचेपर्यंतच्या वेळेला पॉप टाइम म्हणतात. मेजर लीगमध्ये तो दोन सेकंदांच्या आसपास असतो. खांद्यात जोर असूनही आमच्या मुलाला सुरुवातीला यापेक्षा बराच जास्त वेळ लागत होता, कारण शॉर्टस्टॉप धावत येऊन दोन पावलं टाकून फेकतो आणि कॅचरला बसल्या जागेवरून उठत, कानाजवळून फेकायचं असतं. ताकद होती, पाय चुकत होते. पाय बदलायला पूर्ण हिवाळा गेला.

त्या हिवाळ्यात तो घरी होता. जवळच्या इनडोअर केंद्रात तासाला चाळीस-पन्नास डॉलर देऊन जागा घ्यायची आणि कॉलेजातल्या पिचर मुलांना बोलवायचं. त्यांना कॅचर हवाच असतो, त्यामुळे बहुतेक वेळा भाडं अर्धं-अर्धं झालं. गॅरेजमध्ये नवरा जवळून टेनिस बॉल टाकायचा आणि हा मिटशिवाय, नुसत्या हाताने पकडायचा. नितंब आणि घोट्यांच्या लवचिकतेसाठी फिजिओथेरपी लावली. तिचा खर्च आम्ही केला आणि तो मला आजही सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो. गुडघे दुखू लागले की सगळे गुडघ्यांकडे बघतात. त्याच्या बाबतीत मूळ कारण घोटे न वाकणं हे होतं.

मार्च २०२४ च्या सराव शिबिरात मी काही दिवस गेले होते. मागच्या मैदानांवरचे मायनर लीगचे सराव सामने बघायला तिकीट लागत नाही. कुंपणाला टेकून उभं राहिलं की सगळं चार हातांवर दिसतं. इतर खेळाडूंच्या आधी, पहाटेच कॅचर मैदानात असतात. दिवसभर कुठल्या ना कुठल्या पिचरला कॅच करायला लागतं, आपली बॅटिंग सगळ्यात शेवटी, उरलेल्या वेळात. मी घरी आल्यावर आठवड्याभराने त्याचा फोन आला. त्याला सिंगल-ए संघात घेतलं नव्हतं. सराव केंद्रावरच थांबायचं, मे महिन्यापासून कॉम्प्लेक्स लीग खेळायची.

मला विचाराल तर सगळ्या प्रवासातला हा सर्वात अवघड टप्पा. आदल्या वर्षी जिथे खेळलो त्याच्या खालच्या पायरीवर, वय बावीस, आजूबाजूला सतरा-अठरा वर्षांची मुलं, पगारही कमी, आणि बघायला कुत्रं फिरकत नाही. त्याचे फोन कमी झाले. आम्ही रोज फोन करणं थांबवलं आणि रविवारची एक वेळ ठरवली. बोलायचं असेल तर तो बोलेल, नाही तर मी सांगलीच्या, घरच्या गोष्टी सांगेन. बेसबॉलचा विषय त्याने काढल्याशिवाय काढायचा नाही.

त्यात २०२३ च्या नव्या नियमांनी कॅचरचं काम आणखी अवघड केलं होतं. बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरने धावणाऱ्याला रोखायला थ्रो करण्यावर मर्यादा आली. दोन वेळा झालं की तिसऱ्यांदा बाद केलाच पाहिजे, नाही तर धावणाऱ्याला पुढचा बेस फुकट. त्यामुळे सगळे पळतात. नवशिका कॅचर दिसला की जास्तच पळतात. वर पिच क्लॉक, म्हणजे पुढचा चेंडू टाकायची वेळ मोजणारं घड्याळ. घड्याळ संपायच्या आत खूण द्यायची, पिचरचं नाही-हो बघायचं, जागा घ्यायची. त्या मे-जूनमध्ये त्याच्याविरुद्ध किती बेस चोरले गेले ते ॲपवर दिसायचं आणि मी ते बघायचे. पुढे नवऱ्याने माझ्या फोनमधून ॲप काढून टाकलं, माझ्या संमतीने.

तिथे एक गोष्ट मात्र घडली. पिचर बहुतेक डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाचे. त्याला हायस्कूलमधलं जुजबी स्पॅनिश येत होतं. शॉर्टस्टॉपला तेवढं पुरतं. कॅचरला घाबरलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला पिचर उभा असतो त्या मधल्या टेकाडावर जाऊन अर्ध्या मिनिटात धीर द्यायचा असतो. क्लबमध्ये परदेशी खेळाडूंसाठी इंग्रजीचे वर्ग होते. त्या शिक्षकांकडूनच तो संध्याकाळी स्पॅनिश शिकू लागला. जेवायला त्या मुलांबरोबर बसू लागला. कॅचर होऊ पाहणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: स्पॅनिश आतापासून शिका, हायस्कूलमध्ये मिळतं तेव्हाच मनापासून शिका.

जूनमध्ये फाउल टिप, म्हणजे बॅटला पुसटसा लागून मागे आलेला चेंडू, अंगठ्यावर बसली. हाड शाबूत, पण अस्थिबंधाला दुखापत. काही आठवडे मिट घालता आलं नाही. खेळताना झालेली दुखापत ही कामावरची दुखापत असते, उपचार क्लब करतो. घाईघाईने आपल्या डॉक्टरकडे नेऊ नका, त्याने विम्याचे प्रश्न उभे राहतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचा हक्क २०२३ च्या करारात आहे. तो लेखी कळवून वापरा. आम्ही वापरला, दोन्ही मतं जुळली, मन शांत झालं.

जुलैमध्ये २०२४ चा ड्राफ्ट झाला, नवी मुलं आली आणि नेहमीप्रमाणे सगळी व्यवस्था हलली. कुणी वर गेलं, कुणाला घरी पाठवलं. आमचा मुलगा सिंगल-एला परत आला, दुसऱ्या क्रमांकाचा कॅचर म्हणून. आठवड्यातून दोन सामने आणि उरलेले दिवस बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर सराव करतात त्या कोपऱ्यात. फायेटविलला पाहुण्या संघाकडून तो खेळत असताना आम्ही होम प्लेटच्या मागे बसलो होतो. इतकी वर्षं मी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसत आले, कारण तिथून शॉर्टस्टॉप दिसतो. मागून बघताना पहिल्यांदा कळलं की मैदानावरचे सगळे आठ जण एकीकडे तोंड करून असतात आणि एकटा कॅचर त्यांच्याकडे. सहाव्या इनिंगला पिचरचा ताबा सुटला, चेंडू झोनबाहेर पडत राहिल्याने दोघांना चालत, म्हणजे फुकट, बेस मिळाला. मुलगा वर गेला, मिट तोंडासमोर धरून काहीतरी बोलला, पिचर हसला. पुढचा चेंडू प्लेटच्या अलीकडेच आपटला. तो त्याने छातीवर घेऊन पायाशी पाडला आणि कुणालाच पुढे जाता आलं नाही. फलकावर याची नोंद होत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या, प्रत्येक पिच वहीत टिपणाऱ्या माणसाने मात्र काहीतरी लिहिलं.

बॅटिंगची सरासरी त्या वर्षी दोनशेच्या (.२००) खाली गेली, म्हणजे पाच प्रयत्नांत एक हिटही नाही. पाय थकले की बॅट थकते. कोचांनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून त्याने धीर सोडला नाही. आम्ही ठरवून त्यावर बोललो नाही.

मार्च २०२५ ची भीती वेगळी. २०२४ पासून प्रत्येक क्लबला अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये एका वेळी १६५ खेळाडूच ठेवता येतात, पूर्वी १८० होते. शिबिराच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी लॉकरपाशी कुणी खांद्यावर हात ठेवला की मुलं समजून जातात. त्याचा खोलीतला सोबती असाच गेला. दुपारी सामान बांधून विमानतळावर. त्या मुलाच्या आईला मी ओळखत नव्हते, नंबर मिळवून फोन केला. आम्ही दोघी बराच वेळ बोललो. ज्यांच्या मुलावर ही वेळ येईल त्यांनी पहिल्या आठवड्यात दोन कागद बघावेत, शिक्षणाच्या तरतुदीचा आणि आरोग्य विमा कधी संपतो त्याचा. बाकी सगळं नंतर.

आमच्या मुलाला ठेवलं. तो एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सिंगल-एमध्ये कॅचर म्हणून खेळला, आठवड्यात तीन, कधी चार सामने. पॉप टाइम दोन सेकंदांच्या जवळ आला. संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे इनफिल्डरऐवजी कॅचर लिहून आलं. बॅटिंग सुधारली, अजून हवी तेवढी नाही. हाय-एला जाईल की नाही हे शिबिरातच कळेल.

कराबद्दल दोन ओळी. ज्या ज्या राज्यात सामने होतात तिथे त्या दिवसांच्या पगारावर कर लागू शकतो. नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया, शिवाय शिबिराचं ॲरिझोना. आम्ही पहिल्या वर्षी खेळाडूंची विवरणपत्रं भरणारा माणूस शोधला. त्याची फी चारशे डॉलरच्या आत होती. सामन्यांचं वेळापत्रक आणि प्रत्येक पगाराची पावती जपून ठेवा, तो हेच मागतो.

सध्या तो घरीच आहे. सकाळी कॉलेजातल्या पिचरांना कॅच करतो, दुपारी लहान मुलांना शिकवून थोडे पैसे मिळवतो आणि रात्री एक नवीन सराव करतो. २०२६ पासून मेजर लीगमध्ये पंचाच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येणार आहे. प्रत्येक संघाला दोन संधी आणि आव्हान द्यायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला. कोणता चेंडू खरंच झोनमध्ये होता हे कॅचरला क्षणात कळायला हवं. म्हणून नवरा व्हिडिओ लावतो, चेंडू मिटमध्ये पडताच थांबवतो, हा उत्तर देतो आणि मग मोजलेली जागा बघायची. शिबिराला कॅचर इतरांच्या आधी पोहोचतात. त्यामुळे तिकिटं जानेवारीतच काढावी लागतात. आम्ही परतीचं तिकीट काढत नाही, जातानाचंच काढतो. पुढचं कुठलं शहर ते क्लब ठरवतो आणि तिथवरचा प्रवास क्लबच्या खर्चाने होतो.